रेडिओवरचा सायब

आमच्या गावच्या गमतीतली सगळ्यात गाजलेली थट्टा माझी नव्हती. ती माझीच, असं मी गावाला सांगितलं आणि बरीच वर्षं तसंच चालू दिलं.

आमचं गाव आर्णीजवळ. कापसाची वेचणी सरली की माझ्या मामाची गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशासारखा खेळ, उभी राहायची. ढोलकी, तुणतुणं, शेतातली गाणी आणि मधे मधे हसवणूक. मामा थकल्यावर मामेभावाने ती पुढे चालवली. तो कापसाच्या बाजारात बोली पुकारायचा, त्यामुळे आवाज गावभर पोचणारा. मी शाळामास्तर. गमतीत माझं काम एकच होतं. त्याचं वाक्य संपलं की लगेच ‘मंग?’ म्हणायचं. तो ‘मंग?’ वेळेवर पडला नाही की हसू जागीच बसतं.

नागपूर रेडिओवर तेव्हा खेड्यांसाठी गाण्यांचा आणि गमतींचा कार्यक्रम लागायचा. त्यात आम्हाला बोलावलं. ‘ढोलकीले खिडकीजवळ बसवा, पाव्हणी हाये,’ असं एसटीचा कंडक्टर म्हणाला, तेव्हा आमच्या छात्या फुगल्या. आम्ही बोलतो ती बोली आता रेडिओवर जाणार होती.

कार्यक्रम थेट जायचा. स्टुडिओत लाल दिवा लागला. गाणं छान झालं. मग मामेभाऊ खाकरून म्हणाला, “एकदा काय झालं, बैलानं मालकाले बाजारात नेलं.”

मी ‘मंग?’ म्हणायचं होतं. पण यवतमाळचे माझे कॉलेजातले सोबती ऐकत असतील हे नेमकं तेव्हाच मनात आलं, आणि मी बोललो, “त्यानंतर काय झाले?”

ढोलकी थांबली. काचेपलीकडचा अधिकारी मान वर करून पाहू लागला. माझे कान तापले.

मामेभाऊ लगेच म्हणाला, “अबे, हा कोण बोलून राह्यला? आपल्या बैलबंडीत हा सायब कवा बसला?”

“मीच व्हय ना, दादा!” माझ्या तोंडून निघून गेलं.

“तू व्हय? मंग तसं सांग ना लेका! मी तुह्यासाठी खुर्ची आणाले निघालतो!”

ढोलकीवाल्याला हसू फुटलंच. काचेपलीकडे अधिकारी तोंडावर रुमाल धरून हसत होता. पुढे गिऱ्हाइकांनी मालकाचे दात मोजले, शेपूट शोधली, आणि माझा प्रत्येक ‘मंग?’ ठेक्यात पडला.

गावात परतलो तर ग्रामपंचायतीपुढे माणसं वाट पाहत उभी. मामाच्या डोळ्यांत पाणी होतं. गावचं नाव नागपुरातून त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. कोणीतरी विचारलं, “मास्तर, ते सायबाचं कोणाले सुचलं?”

“मीच बसवलं होतं,” मी म्हणालो. “मुद्दामच.”

मामेभाऊ शेजारीच उभा होता. माझ्याकडे बघून तो म्हणाला, “हाव, मास्तरचीच अक्कल.” तो हसला, म्हणून मला वाटलं, चाललं.

नंतर रेडिओवाल्यांनी पुन्हा पुन्हा बोलावलं, आणि प्रत्येक खेपेला लोक त्या थट्टेची तारीफ माझ्याजवळ करत. पुढे एकदा यवतमाळच्या प्रदर्शनात पुकारा झाला, “आता मास्तरांची गंमत!” मामाचं नाव गेलं, मामेभावाचंही गेलं. परत येताना तो म्हणाला, “बाप माहा, ढोलकी माही, अन् गंमत मास्तरची. आता गावच्या यात्रेत तूच बोल. मी आपला बाजारात पुकारतो.”

मला वाटलं, थट्टाच करतोय. पण यात्रेत तो खरंच मंचावर आला नाही. खाली लोकांत, पाय दुमडून बसला. ढोलकी वाजली, सगळे माझ्याकडे बघू लागले. विनोद सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. कधीच नव्हतं.

मी पुढे झालो. “रेडिओवर तुम्ही हसले ते याच्यामुळं,” मी त्याच्याकडे हात केला. “मी तिथं सायब व्हाले गेलतो, चुकलो. यानं जागच्या जागी सावरलं. आपलं गाव नागपुरात गाजलं ते या माणसाच्या तोंडानं, अन् मी तुम्हाले खोटं सांगितलं. गंमत मामाची हाये, अन् मामाच्या मांगं याची. दादा, तुह्यं होतं ते मी माह्यं म्हणून मिरवलं. सगळ्यांसमोर मिरवलं, म्हणून सगळ्यांसमोर माफी मांगतो.”