डास, नळ आणि माझं हिरवं लुगडं

लोकांनी हाकलून द्यावं म्हणून जिवाचा आटापिटा करणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच झाला, आणि तो नेमका माझा धाकटा दीर निघाला. मी लग्न होऊन आले तेव्हा तो चड्डीची नाडी माझ्याकडून बांधून घ्यायचा, म्हणून त्याला अहो-जाहो करणं मला कधी जमलं नाही. घर विणकरांचं. गल्लीत दिवसभर मागांचा खटखटाट. त्या खटखटाटानंच याचं डोकं फिरलं असं माझं मत आहे. पंचविशीत त्यानं माग सोडला, कामठीहून कुणाची तरी जुनी गिटार आणली आणि दोन मित्र गोळा करून बँड काढला.

लग्नातला बँड नव्हे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. गावाला छळणाऱ्या गोष्टींचे मोठाले पुतळे करतात, त्यांना बडग्या म्हणतात. "घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत लोक ते सगळं वेशीबाहेर नेतात आणि जाळतात. या बँडमधले तिघं तसेच नटायचे. हा स्वतः डास, पाठीला मांजरपाटाचे पंख. दुसरा कोरडा नळ, तो तेलाचे डबे बडवायचा. तिसरा भाववाढ, तो बांबूच्या पायांवर उभा राहून बिगुल फुंकायचा. सुराशी तिघांचंही वैर. वर लोकांनाच दटावायचं. नळ म्हणायचा, "सकायपासून माह्याखाली गुंड-घागरी लावून बसता, दुसरं काम नाही काय?" लोक वैतागून "घेऊन जा गे मारबत!" ओरडले की तिघांनी पळत सुटायचं, हाच कार्यक्रमाचा शेवट. पाठीवर चपला पडल्या तर हा जास्तच खूश. घरी येऊन सांगायचा, "वहिनी, आज त एक नवीकोरी होती वं."

कार्यक्रमाच्या दिवशी हा सकाळपासूनच डास. बोलायचं नाही, नुसतं गुणगुणायचं. चहा पपईच्या पानाच्या देठानं ओढायचा. एकदा वरणातही देठ घातला. मी म्हटलं, "डास वरण नाही पीत, रक्त पिते. माहं पिऊन झालं, आता हातानं जेव." तर माझ्या कानाशी येऊन इतका वेळ गुणगुणला की मी लाटणं घेतलं.

शेवटी माझे मालक, म्हणजे त्याचे थोरले भाऊ, वैतागले. म्हणाले, "गणपतीपर्यंत पाहतो. गावाबाहेरच्या लोकायले पसंत पडलं त ठीक, नाही त वाडीच्या गोदामात पोते उचल. मी बोलून ठेवलं हाये." त्यानंतर दोन दिवस हा माणसासारखा जेवला, तेव्हा मला कळलं की हा घाबरला आहे.

पोळ्याच्या तोंडावर रामटेकच्या एका गणेश मंडळाचं बोलावणं आलं. त्या आनंदात तिघं मारबतीच्या मिरवणुकीत वाजवत गेले. उकाडा फार, म्हणून पंख, नळ, बांबूचे पाय सगळं बडग्याच्या गाडीवर ठेवलं आणि चहाला गेले. गल्लीतल्या लोकांनी वेशीबाहेर गाडी रिकामी केली आणि काडी लावली. त्यांचं काय चुकलं? डास आणि कोरडा नळ गाडीवर दिसले, तर माणूस दुसरं काय समजेल? हा चहा पिऊन आला, जाळ पाहिला आणि सवयीनं सगळ्यांत मोठ्यानं ओरडला, "घेऊन जा गे मारबत!" मग त्याला आपला पंख दिसला.

रामटेकला आठ दिवसही उरले नव्हते. याचं गुणगुणणंही बंद. त्यातच दोरीवरचं माझं हिरवं लुगडं गेलं. मी शेजारणीशी भांडून घेतलं. रामटेकला मी मालकांबरोबर गेले ती रामाच्या दर्शनाला. आलेच आहे तर पाहावं म्हणून बायकांत जाऊन बसले.

पडदा सरकला. नळ आणि भाववाढ साध्या कपड्यांत मागे उभे, आणि पुढे माझं हिरवं लुगडं. पदर खोचलेला, हातात केरसुणी, गळ्यात गिटार. डबे मागाच्या ठेक्यावर वाजायला लागले आणि हा ओरडला, "चपला दारात काहून काढल्या? माह्या डोस्क्यावर काढ!" मग, "जेवून राह्यला का शितं मोजून राह्यला?" मग, "दिवेलागण झाली, घर दिसत नाही काय तुले?" एकूणएक बोलणं माझं. केरसुणी कमरेला लावायची पद्धतसुद्धा माझी. शेजारची बाई मला कोपर मारून म्हणाली, "अवं, हे त आमची सासू हाये, हुबेहूब!" मी पदर तोंडात धरून बसले.

शेवट आला. हा हाकलून घ्यायला तयार होऊन उभा राहिला. कोणी ओरडेना. पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "नको गा, राहू दे तिले!" मग सगळा मांडव सुरू झाला, "राहू दे! राहू दे!" हाकलल्याशिवाय स्टेजवरून उतरायचं कसं, हे तिघांनाही माहीत नव्हतं. हा घामाघूम होऊन नुसता उभा. मग मीच उठले. "उतर खाली! लुगडं फाडशील!" हा खाली मान घालून उतरला. हाही कार्यक्रमच आहे असं समजून लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

परतताना एसटीत त्यानं हळूच विचारलं, "वहिनी, राग आला काय?"

"माह्या निऱ्या अशा असतात काय?" मी म्हटलं. मालक खिडकीकडे तोंड करून हसत होते. वाडीच्या गोदामाचं नाव नंतर कोणी काढलं नाही. उमरेड, काटोल, भंडारा, सगळीकडून बोलावणी आली, आणि सगळीकडे "वहिनी आणा" हीच मागणी. डासाला कोणी विचारेना.

आता मालक नाहीत. बँडही कधीच थांबला, दिराचे गुडघे गेले. तरी दर बुधवारी काठी टेकत येतो आणि माझ्यासमोर बसतो. परवा तासभर बसला. मला त्याला काही टोकावंसं वाटलं नाही. शेवटी त्यानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "वहिनी, बरं नाही वाटून राह्यलं काय?"

मग त्याच्या मळक्या बनियनवरून मी चार शब्द सुनावले. ते ऐकून घेतले, तेव्हा कुठे घरी जायला उठला.