सब्हाचा लूफ

ऐन बत्मा या गावात ज्याला लूफ आवडत नाही त्याला कधी विचारून पाहा, की बाबा, का आवडत नाही? तो भाजीला नावं ठेवणार नाही, एखाद्या बाईचं नाव घेईल. मावशीचा लूफ चावला होता, म्हणेल. शेजारच्या म्हातारीनं घाई केली होती, म्हणेल. पानाचं काय, ते जन्मतःच डसणारं आहे आणि त्यानं ते कधी लपवलेलं नाही. कच्चं जिभेला लागलं तर सुया टोचल्यासारखं होतं, घसा सुजतो, माणूस दोन दिवस पाणीही गिळू शकत नाही. तेच पान मिठानं चोळून, उकळून, दोन पाणी फेकून, कांद्याबरोबर ऑलिव्हच्या तेलात परतलं आणि सुमाकचं लाल आंबट पाणी घालून तीन तास मंद आचेवर ठेवलं, तर लोण्यासारखं विरघळतं. अळूला चिंच, तसा लूफला सुमाक. तो राहिला तर बाकीची मेहनत फुकट, वर चार माणसं आजारी.

म्हणून अज्लूनच्या डोंगरातल्या या गावात लूफ रांधणारीचं नाव पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. चांगलंही टिकतं आणि वाईटही. वाईट जरा जास्तच, कारण माणसांना चव आठवत नाही, चटका आठवतो.

चांगलं नाव होतं फिद्दाचं. वय अडुसष्ट, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगा, सून आणि नात रनीम यांचं भरलेलं घर. थंडी सरता सरता डोंगरावर लूफची भाल्यासारखी पानं वर आली, की बायका टोपल्या घेऊन तिच्या अंगणात हजर. आणि तिनं एक नियम कधी मोडला नाही, सासूनं घालून दिलेला. वाढण्याआधी शिजलेलं पान आपल्या जिभेखाली ठेवायचं आणि मनात सात वेळा कुराणातली फातिहा म्हणायची. लूफ लगेच चावत नाही, दबा धरून बसतो. सात फातिहा होईपर्यंत जीभ गप्प राहिली, तरच ताट पुढे करायचं.

वाईट नाव होतं सब्हाचं. सब्हा म्हणजे फिद्दाची थोरली जाऊ. अंगणापलीकडे, अंजिराच्या झाडामागे एका खोलीत ती राहायची. मूलबाळ नाही, नवरा दुसरी बायको करून झर्का शहरात गेला तो तिकडेच मेला. तिच्या खोलीत चहापुरती शेगडी होती. जेवणाचं ताट फिद्दाच्या स्वयंपाकघरातून जायचं, सकाळ-संध्याकाळ, एक्केचाळीस वर्षं. गावात काहीही बिनसलं, ट्रॅक्टर बंद पडला, पोरगं नापास झालं, नवी छत्री पहिल्याच वाऱ्यात उलटली, की लोक म्हणायचे, "हा तर सब्हाचा लूफ निघाला!" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना ही सब्हा कोण, तेही माहीत नव्हतं. ती दारात बसून ऐकायची.

त्या थंडीत फिद्दाला ताप आला. ताप उतरला, अंगात ताकद आली, आणि एके दिवशी जेवताना तिनं लोणच्यातली हिरवी मिरची चावली. काहीच झालं नाही. तिनं दुसरी चावली. मग लिंबू, मग मीठ, मग रात्री कुणी नसताना कच्चा लसूण. जीभ मेली होती. तोंडात चामड्याचा तुकडा असावा तशी.

तिनं कुणाला सांगितलं नाही. मसाले हाताच्या अंदाजानं पडत होते, रोजचं भागत होतं. पण लूफला हाताचा अंदाज चालत नाही. यंदा गुडघे दुखतात म्हणून तिनं बायकांना परत पाठवलं आणि लूफचा हंगाम असाच निघून जाईल, अशी आशा धरली.

मग इर्बिदहून अबू नायेफचा फोन आला. रनीमला त्याच्या मुलासाठी मागणी घालायला तो शुक्रवारी दहा-बारा वडीलधारी माणसं घेऊन येणार होता. फिद्दाचा मुलगा ग़ालिब फोन ठेवून हसत हसत स्वयंपाकघरात आला.

"आई, मटणाचा मनसफ नको म्हणाले. त्यांची आई आपल्याच डोंगरातली. म्हणाले, तुमच्या आईचा, हाज्जाचा लूफ खाऊ घाला, नाहीतर कॉफीला हात लावणार नाही."

"थट्टा करत असतील," फिद्दा म्हणाली.

"थट्टाच. पण करायचा ना?"

मागणी घालायला आलेल्या पाहुण्यांपुढे कॉफीचा पहिला छोटा पेला, फिंजान, ठेवतात. थोरला पाहुणा तो प्याला, की सोयरीक ठरली. तो न पिताच उठला, तर पुन्हा त्या घराकडे कुणी वळत नाही. कॉफीवरून थट्टा करणारा माणूस फिद्दाला मुळीच आवडला नाही. पण रनीमचा चेहरा आठवडाभर उजळलेला होता. फिद्दानं पानं मागवली.

शुक्रवारी पहाटेपासून भांडं चुलीवर होतं. मिठानं चोळताना तळहात लाल झाले. निदान कातडी तरी जिवंत आहे, तिच्या मनात आलं. दोन पाणी फेकली, कांदा परतला, सुमाक घातला. घातला ना? घातला. भांड्याशेजारी रिकामा वाडगा होता, त्याच्या कडेला लाल डाग होता. तरी तिनं तीनदा वाडगा बघितला. पानं जून होती का? उकळी पुरली का? हे जीभच सांगू शकत होती. सवयीनं तिनं एक पान जिभेखाली ठेवलं आणि सात फातिहा म्हणाली. काही चावलं नाही. पण तिथं निखारा ठेवला असता तरी काही चावलं नसतं, आणि घसा सुजायचा तर तासाभरानं सुजणार.

"अरीज, जरा चाखतेस?" तिनं सुनेला सहज विचारावं तसं विचारलं.

"मी? नको बाई! आत्याबाई, सहा वर्षांची असताना मावशीनं खाऊ घातला होता. आठ दिवस नुसत्या दुधावर होते. तुमच्या हातचं असलं म्हणून काय झालं!" आणि ती पेले पुसायला निघून गेली.

रनीमला चाखायला द्यावं, तर मागणीच्या दिवशी पोरीचं तोंड सुजायचं. शेजारणीला बोलवावं, तर फिद्दाची जीभ गेल्याची बातमी दुपारच्या नमाजाआधी गावभर. खिडकीतून अंजीर दिसत होता. त्याच्या पलीकडे सब्हा दारात ऊन खात बसली होती.

फिद्दाला तिकडे जायचं नव्हतं. का, ते फक्त तिला ठाऊक होतं.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी चांगलं नाव सब्हाचं होतं. सासू शेजारणींना म्हणायची, थोरलीच्या हातात बरकत आहे, आणि धाकटीकडे बघून गप्प बसायची. त्या गप्प बसण्यानं फिद्दाला रात्र रात्र झोप लागायची नाही. सासरे हजहून परत आले, त्या दिवशी सब्हानं मोठं भांडं चढवलं. पाव भाजायला भट्टीकडे जाताना ती म्हणाली, "फिद्दा, उकळी आली की सुमाकचं पाणी घाल गं. आणि एक पान चाखून ठेव, मला वेळ होईल." फिद्दानं सुमाकचा वाडगा उचलला, अंगणात गेली आणि अंजिराच्या बुंध्याशी ओतून आली. लाल पाणी मातीत मुरेपर्यंत उभी राहिली. सब्हा घामाघूम होऊन परतली, पाहुणे बसलेले होते, तिनं नुसतं डोळ्यांनी विचारलं. फिद्दा म्हणाली, "चाखलं मी. निवांत वाढ."

सासऱ्यांचा घसा चार दिवस सुजलेला होता. त्यानंतर ते बारा वर्षं जगले, पण आवाज कायमचा बसला. त्या घोगऱ्या आवाजात ते हाक मारायचे तेव्हा घरातली सगळी सब्हाकडे बघायची. सब्हा एकदाच म्हणाली होती, "फिद्दानं चाखलं होतं." आणि सगळ्यांसमोर फिद्दा म्हणाली होती, "मला कुणी सांगितलंच नव्हतं."

वाटीत दोन पानं घेऊन फिद्दा अंगण ओलांडून गेली.

"सब्हा, जागी आहेस?"

"मेले नाही अजून. काय हवंय?"

"एक पान चाखशील?"

सब्हा हसली. दात नव्हते, त्यामुळे हसणं नुसतंच वाऱ्यासारखं आलं. "मी? लूफ? तुझी जीभ कुठं गेली?"

फिद्दानं वाटी पुढे धरली. सब्हानं तिच्याकडे नीट बघितलं.

"गेली वाटतं. कधी?"

"तापात."

"तरीच! महिनाभर ताटात एवढं मीठ. मला वाटलं, ही मला खारवून बरणीत भरायला निघाली."

तिनं पान घेतलं आणि जिभेखाली ठेवून डोळे मिटले. ओठ हलत होते. फिद्दाही मनात म्हणत होती, एक, दोन, तीन. सब्हा सातवर थांबली नाही. आणखी बराच वेळ तशीच बसली. मग डोळे उघडून फिद्दाच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "चाखलं मी. निवांत वाढ."

तेच शब्द. तसेच्या तसे, एकही कमी-जास्त नाही. तिला माहीत आहे? की साधंच बोलली? पान चाखून एरवी तरी कुणी दुसरं काय बोलणार? पण ते डोळे साधे नव्हते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते खोटं नाही. परत येताना फिद्दानं स्वतःला एकच प्रश्न विचारला, तिच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? उत्तर तिला ठाऊक होतं. ते उत्तर आयुष्यभर तिच्यापाशीच होतं.

तेवढ्यात गाड्या आल्या. पुढच्या खोलीत पाहुणे बसले, अबू नायेफपुढे फिंजान ठेवला गेला. तो मिशीत हसून म्हणाला, "आधी लूफ, मग हा." सगळे हसले. ग़ालिबनं आतल्या दाराकडे बघून हाक मारली, "आई, येऊ दे!"

अरीजनं मोठी परात भरली. वाफ निघत होती, तेलाचा तवंग चमकत होता, वर डाळिंबाचे दाणे. ती परात घेऊन अंगणाच्या बाजूनं निघाली. फिद्दा मागून आली, तिच्या हातातली परात हिसकावली आणि सगळा लूफ अंजिराच्या बुंध्याशी उपडा केला.

"आत्याबाई!" अरीज किंचाळली. "काय केलंत हे? काय झालं?"

आतलं हसणं थांबलं. खिडकीतून ग़ालिबनं बघितलं, क्षणभर त्याचा चेहरा पडला, मग पाहुण्यांपुढे वेळ मारून न्यायला तो मोठ्यानं म्हणाला, "काकूनं भांड्याला हात लावला असणार! आमच्याकडे म्हण आहे, सब्हाचा लूफ. माझे आजोबा हजहून आले ना, तेव्हा—" आणि तो रंगवून सांगू लागला. पाहुणे पुन्हा हसू लागले.

सब्हा उठली. काठी टेकत स्वयंपाकघरात गेली, तळाशी लूफ उरलेलं भांडं आणि पावाचा तुकडा घेऊन बाहेर आली आणि अंजिराखाली बसली. पावानं तिनं भांडं पुसून काढलं. घास घास करून सगळं खाल्लं, घाई न करता. मग ओठ हलवत बसली. फिद्दा समोर उभी होती. सात फातिहा झाल्या, चौदा झाल्या. सब्हानं तोंड उघडून जीभ बाहेर काढली. स्वच्छ गुलाबी जीभ, म्हातारीची.

"चांगला झाला होता," ती म्हणाली. "माझ्यासारखाच केला होतास. मी खोटं बोलेन असं तुला का वाटलं, फिद्दा?"

फिद्दानं अंजिराच्या बुंध्याकडे बघितलं.

"मी एक्केचाळीस वर्षं तुझ्या हातचं खाल्लं. ताट आलं की एकदाही चाखून बघितलं नाही. तुला का वाटलं?"

आत ग़ालिबची गोष्ट ऐन रंगात आली होती. सासऱ्यांच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल चालली होती. दारात रनीम उभी होती, हातात मिठाईचं ताट, काही न कळलेली. फिद्दानं तिच्याकडे बघितलं. गप्प राहिलं तर सोयरीक होऊन जाईल. गुडघ्यात कळ आली, परात निसटली, म्हणता येईल. सगळे मानतील. तिचं बोलणं नेहमीच सगळ्यांनी मानलं होतं.

सब्हानं रिकामं भांडं मांडीवर घेतलं होतं आणि ती बोटानं त्याचा काठ पुसत होती. ती काही मागत नव्हती. फिद्दाला ते सहन झालं नाही.

ती खिडकीशी गेली. "ग़ालिब, पुरे," ती म्हणाली. "सब्हाचा लूफ कधी चावला नव्हता. त्यातला सुमाक मी ओतून टाकला होता. या झाडाखाली. आणि चाखलं म्हणून खोटं सांगितलं. तुझ्या आजोबांचा आवाज मी घालवला."

म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. अबू नायेफ बराच वेळ आपल्या पुढ्यातल्या फिंजानाकडे बघत होता. आपल्या मुलाला आपण कुठल्या घराच्या चुलीवर जेवायला पाठवतोय, याचा तो विचार करत असावा, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा? मग त्यानं खांद्यावरची शाल सारखी केली आणि तो उठला. पाठोपाठ सगळे उठले. कुणी वाईट बोललं नाही. सलाम करून गेले.

रनीम खोलीत जाऊन दार लावून बसली. ग़ालिब आईशी बोलला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतर कितीतरी दिवस नाही. अरीजनं गार झालेला फिंजान बाहेर आणला आणि अंजिराखाली ओतला.

संध्याकाळी फिद्दानं नेहमीसारखं ताट भरलं आणि अंगण ओलांडून गेली. सब्हानं ताट घेतलं, एक घास उचलला आणि जिभेखाली ठेवला. मग डोळे मिटून मनात म्हणायला लागली. फिद्दा दारात उभी राहून सात मोजत राहिली.