देवकाचं झाड आणि चौथी सायकल

२२ मार्च, शनिवार. सायकलची साखळी पुसून तेल घालत होते, तेवढ्यात मीनाचा फोन आला. गुडघा सुजलाय, पुढच्या शनिवारी ती येत नाही. कोका अभयारण्यात आम्ही चौघी सायकलने फिरणार होतो. फार चढ नाही, अगदी सपाटही नाही, पन्नाशीच्या बायकांना झेपेल अशी मध्यम फेरी. रस्ता आधी पाहून येण्याचं काम माझ्याकडे होतं. मी हात धुतले आणि भंडाऱ्याहून निघाले.

कारध्याच्या पुलावर थोडी थांबले. वैनगंगा एका काठाला सरकली होती आणि वाळूत डांगरवाड्या (टरबुजाचे मळे) हिरव्या दिसत होत्या. पुढे बांध्या (धानाची बांधलेली शेतं) सुरू झाल्या आणि मोहाचा वास आला. हा महिना मी त्या वासासाठीच निवडला होता. लहानपणी आंधळगावात या दिवसांत शाळेच्या दप्तरालासुद्धा तो वास यायचा.

पुढे बाभळीचा काटा लागला. ट्यूब काढून बसले होते, तर मोपेडवरचे एक काका थांबले.

“पंचर झाली का बाई?”

“झाली.”

“मंग कोनाची वाट पाहून राहिल्या?”

“सोल्यूशन वाळायची.”

त्यांनी ठिगळ वाकून पाहिलं, मान हलवली आणि गेले.

गेटवरच्या वनरक्षकाने काडीने मातीत रस्ता काढून दाखवला. आधी एक तळं, मग दगडी चढ, दुसरं तळं आणि वळसा घालून परत. सकाळी सहाला आत जायचं, ऊन चढायच्या आधी बाहेर यायचं. चौघींपेक्षा कमी असाल तर मात्र आत सोडणार नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. चौथी कोण, ते मला तिथेच सुचलं. देवका जवळच्याच गावात राहते.

देवका माझी आंधळगावच्या शाळेतली मैत्रीण. दोघींत एकच सायकल होती, तिच्या भावाची, दांड्याची. दांड्याखालून पाय घालून आम्ही ती चालवायचो. मला तिनेच शिकवलं, तळ्याच्या पारीवर (बांधावर). मागून कॅरिअर धरून धावायची आणि न सांगता सोडून द्यायची. मी थेट बांधीच्या चिखलात. ती स्वतः त्याच अरुंद पारीवरून हात सोडून जायची. लग्नानंतर तिने सायकलला हात लावला नाही, कारण सासरी सायकल एकच होती आणि ती नवऱ्याची होती.

तिच्या घरी पोचले, तर अंगणभर मोहाची फुलं वाळत घातली होती. देवकाची सासू काठी घेऊन कोंबड्या हाकलत होती. मी देवकाला शनिवारच्या फेरीला येतेस का विचारलं, ते ऐकून म्हातारी म्हणाली, “नातू खेळवाच्या वयात सायकली खेळून राहिल्या.”

देवका हसली, पण मला नाही म्हणाली.

“पहाटे मोह पडते नं व कुंदे. सहाले मी झाडाखाली राहीन, का तुया सायकलवर?”

तिचा नवरा चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीत कामाला असतो, सुट्टीलाच घरी येतो. पोरगी लग्न होऊन गेली. वेचायला ती एकटीच. एक सकाळ चुकली, तर टोपलंभर मोह गाईंच्या आणि चितळांच्या पोटात जातो, आणि हे झाड म्हणजे तिचं पावसाळ्यापर्यंतचं तेल-मीठ. मला हे माहीत असायला हवं होतं. मोहाचा वास लक्षात राहिला, त्यासाठी पहाटे कोण उठतं ते मी विसरले होते.

रात्री वांग्यातले झिंगे (तळ्यातली बारीक कोळंबी) आणि भात खाऊन तिथेच राहिले.  

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी टोपलं घेऊन तिच्यामागे गेले. झाड धुऱ्यावर (शेताच्या हद्दीवर), तळ्याच्या पारीला लागून आहे. फुलं डोक्यावर, पाठीवर टपटपत होती. कंबर लवकरच बोलायला लागली. सूर्य वर आला तशी म्हातारी काठी टेकत आली आणि माझ्या टोपल्यात हात घालून म्हणाली, “अर्धा तं पालाच हाय.”

पण दोघींनी वेचल्यामुळे काम पुष्कळ लवकर आटपत आलं होतं. मी उभ्या उभ्याच ठरवलं. आम्ही तिघींनी आदल्या संध्याकाळी इथे मुक्कामाला यायचं, पहाटे चौघींनी मोह वेचायचा, देवकाला मीनाची सायकल द्यायची आणि मगच गेटवर जायचं. उशीर होणार, म्हणजे दुसरं तळं आणि चढ सोडून द्यायचा. फेरी मध्यमपेक्षाही सोपी होईल, होऊ दे. देवकाला सांगितलं. ती माझ्या सायकलकडे बघत राहिली. मग तिने पदर खोचला.

मी सीट खाली केली. या गिअरच्या सायकलींना कॅरिअर नसतं, त्यामुळे मागे धरायचं कुठे तेच कळेना. सीटच धरली आणि पारीवरून वाकून धावू लागले.

“सोडू नको व,” देवका म्हणाली.

“नाही सोडत.”

सायकल दोनदा पाण्याकडे झुकली, दोनदा सावरली. माझा दम संपत आला होता. ती मागे न बघता म्हणाली, “सोड नं आता. ओझं होऊन राहिलं तुयं.”

मी सोडली. देवका पारीवरून सरळ गेली, वळणावर एकदा घंटी शोधली, ती सापडली नाही, आणि पळसांच्या मागे दिसेनाशी झाली. तोवर दोन गाई मोहाकडे वळल्या होत्या. मी म्हातारीच्या हातातली काठी घेतली आणि झाडाकडे पळाले.