उत्तर लेकीनं द्यायचं

गुरुजींनी नाव विचारलं लेकीला आणि सांगून बसलो मी. हळद शिजत असल्याचा वास आला की ती सकाळ आठवते; शाळेमागच्या शेतातली वाफ वर्गभर पसरली होती. जन्मापासून लेकीची जीभ जड. तिचं बोलणं कळलं तर गावातच पहिलीत, नाहीतर दूरच्या खास शाळेच्या वसतिगृहात, असं गुरुजींचं म्हणणं. "दादा, पहिलीत तुमाला बसवायचं का तिला?" म्हणत त्यांनी लेकीला दुसरा प्रश्न विचारला, "सकाळी काय घेतलं, पोरी?" मी पुन्हा तोंड उघडणार, तोच बायकोनं माझा पाय दाबला. लेकीनं टेबलाची कड घट्ट धरली आणि एकेक शब्द ओढत म्हणाली, "दूध न्हाई... बाबानं... उतू घालवलं." गुरुजी खदखदून हसले आणि त्यांनी हजेरीपट जवळ ओढला. बाहेर आल्यावर बायको जे म्हणाली, ते आजही म्हणते, "पोरगी बराबर शिकल. आता मी तुमाला गप बसायचं शिकवते."