जाड करून आणा

नात नखं रंगवायला बसली की त्या नेलपॉलिशच्या वासाने मला सायक्लोस्टाईलच्या स्टेन्सिलवरच्या टायपिंगच्या चुका झाकायचं लाल औषध आठवतं आणि बहात्तर सालच्या दुष्काळातली माझी दीडशहाणी मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. कोरडवाहू बाजरीच्या रोगावर संशोधन करायला सरकारी अनुदान मिळावं, म्हणून मी प्रस्ताव लिहिला होता. देवळालीला वडिलांनी बजावलं होतं, "ह्या बारीला मंजूर न्हाई झालं तर गप घरी यायचं, पाव्हणं बघून ठिवल्यात." नगरच्या कचेरीत साहेबांनी प्रस्ताव उघडलासुद्धा नाही, वांगी तोलावीत तसा तळहातावर तोलला. "फारच हलका आहे हो, बाई. जाड करून आणा." "साहेब, वाचून तरी बघा!" "वाचत बसलो तर कचेरी कुणी चालवायची?" मी व्हरांड्यात पदराआड रडून घेतलं, मग सायक्लोस्टाईलच्या जादा प्रती पिशवीतून काढल्या आणि पाथर्डीच्या पावसाचं प्रकरण त्याच प्रस्तावात आणखी दोनदा टाचून टाकलं. तिकडे थेंब पडत नव्हता, माझ्या कागदावर मात्र पाऊस तीनदा पडला. साहेबांनी पुन्हा तोलून मान डोलावली. यथावकाश अनुदान मंजूर झालं आणि वर शेरा आला, 'विवेचन सखोल आहे.' त्या माणसाची अक्कल तेवढीच, त्याला काय बोलायचं! पण ती पानं स्वतःच्या हाताने टाचूनही मी आळीभर पेढे वाटत वडिलांना सांगत होते, "बघा, साहेबांनी किती बारकाईनं वाचलंय!" आज ती बया समोर आली, तर आधी तिच्या हातातला पेढ्यांचा पुडा काढून घेईन.