मुरुमाचा ढीग आणि कांबळेकाका

मुरूम उचलायचा की नाही, ते पाहायला कांबळेकाका रविवारी येणार होते. शनिवारी त्यांच्या मुलीचा फोन आला. कर्जतच्या घरी, चहा पिऊन झाल्यावर, बसल्या बसल्याच काका गेले. त्याला आता महिना होत आला.

मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली. खालापुरात एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. आम्ही नवराबायकोनं साठवलेलं सगळं भातखाचरातल्या एका प्लॉटात घातलं. खणलं तर खाली लोण्यासारखी चिकणमाती! शेजारचं नवं घर एका अंगानं कललेलं. कंत्राटदार म्हणाला, पाइल घाला, खडकापर्यंत खांब न्या. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. माझी झोपच उडाली. कँटीनमधल्या एकीनं काकांचं नाव सांगितलं. ते निवृत्त इंजिनिअर.

काकांनी मातीचा गोळा मुठीत दाबला. "पाणी हाय गं हिच्यात. ते आधी काढू." जमिनीत खोल भोकं पाडून त्यांनी वाळू भरून घेतली आणि वर घराच्या वजनाहून जास्त मुरूम रचला. वजनानं माती दबते, पाणी वाळूतून निघून जातं, माती घट्ट होते. मग ढीग काढायचा आणि घर बांधायचं.

महिने गेले. शेजारीण हसायची, "काय गं, डोंगर राखतेस? माथेरानचे घोडे मागव, पॉइंट दाखवू!" मी रडकुंडीला येऊन काकांना विचारायची, घर टिकेल ना? ते कधी "हो" म्हणाले नाहीत. "जमीन बसतेय, बसू दे. उद्या घरासकट बसण्यापेक्षा आज बसलेली बरी." खालच्या जमिनीवर टेकवून ढिगातून वर काढलेल्या सळईवरची खूण आणि रस्त्याकडेच्या मोरीवरची खूण पाण्याच्या नळीनं कशी ताडून पाहायची, ते त्यांनी मला शिकवलं. मोरी हलत नाही; सळईची खूण उतरली, तर जमीन अजून बसतेय. "तुझं घर, तू बघ."

काका गेल्यावर आठवड्याभरातच कंत्राटदार टेंपो घेऊन आला. "काका गेले. आता कोणाची वाट बघताय? उचलतो." नवरा माझ्याकडे पाहू लागला. मी नळी लावली. खूण मागच्या वेळेपेक्षा अजून थोडी खाली होती.

"अजून नाय," मी म्हणाले.

"तुला काय कळतंय?" कंत्राटदार म्हणाला.

"उतरतेय अजून. थांबली की बोलावते."

टेंपो रिकामा गेला. आता दर रविवारी नळीचं दुसरं टोक नवरा धरतो. त्याचा हात हलतो, पाणी वरखाली होतं. काका अशा वेळी बोलू द्यायचे नाहीत, श्वाससुद्धा हळू घ्यायचे. आम्हीही गप्प उभे राहतो... पाणी थांबेपर्यंत.