पाटेवाल्याचा मोठा पाना

पाटेवाल्याकडे सकाळी गाडी टाकायची आणि संध्याकाळी घेऊन जायची, असा त्याचा लौकिक. पाटे म्हणजे मागच्या चाकांवरचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या. त्या चढवण्या-उतरवण्यातच त्याचा जन्म गेला. पण लेकीची पिकअप गॅरेजात आली आणि हाच गडी टंगळमंगळ करू लागला. आज बोल्ट मिळत नाहीत, उद्या कंबर धरली. आठवडा असाच उलटला.

लेक डोळे तपासून चष्मे करून द्यायची. तिने पिकअपवर फिरतं घर चढवलं होतं. झोपायचा बाक, पाण्याची टाकी, काचा घासायचं यंत्र. त्या ओझ्यानं गाडी मागून पार बसली होती आणि पुढचे दिवे झाडांचे शेंडे न्याहाळत होते. ती आता गावोगाव फिरणार होती. परत कधी येणार, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

घरात माणसं ही दोघंच. तिला अडवायचं त्याच्या मनात नव्हतं, पण आतून तो धास्तावला होता. ती गेल्यावर जेवताना बोलायचं कोणाशी, एवढा साधा प्रश्न त्याचा पिच्छा सोडत नव्हता.

शेवटी लेकच जुना शर्ट चढवून गाडीखाली शिरली. मग त्याचाही नाइलाज झाला. दोघांनी मिळून दोन्ही बाजूंना एकेक जाड पाटा वाढवला, पाटे धरून ठेवणारे यू-बोल्ट आवळले. गाडी मागून वर आली, सरळ उभी राहिली. काम इतकं झकास झालं की त्याला स्वतःचाच राग आला.

हात पुसत, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "नवे पाटे दबतात. पाचशे किलोमीटर झाले की बोल्ट परत आवळावे लागतात. गाडी इकडेच आण. दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नकोस."

खरं तर हे काम कुठलाही मेकॅनिक करतो. गॅरेजात वाढलेल्या पोरीला ते माहीत नसेल होय? तिने भिंतीकडे पाहिलं.

"बाबा, तेव्हा मी खूप लांब असेन," ती म्हणाली. "तुमचा मोठा पाना देता?"

तो पाना त्याने आजवर कोणाच्या हाती दिला नव्हता. त्याने तो भिंतीवरून काढला, फडक्याने पुसला आणि दिला.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच गिऱ्हाइकाचे बोल्ट आवळायचे होते. तो शेजारच्या गॅरेजात पाना मागायला गेला. तुझा कुठे गेला, असं शेजाऱ्याने विचारलं.

"लेकीने नेलाय," तो म्हणाला. "आणून देते म्हणालीय."

तसं ती काही म्हणाली नव्हती.